डोल जाळ्याने मासेमारी करणाऱ्या ३२ फुटी बोटीवर संडास कसा बसवायचा?

वेसावकर_डोल: लाकडी बोट, वरून फायबर मारलेलं. तांडेल (बोटीचा प्रमुख) धरून पाच जण, फेरी दोन दिवसांची. सध्या मागे दोर धरून बसतात, रात्री ते धोक्याचं. ३१ जुलैला पावसाळी मासेमारी बंदी संपायच्या आत काम उरकायचंय. तळाला भोक पाडून पंपवाला मरीन संडास बसवावा का?

फायबरवाला: भोक नको. त्याला दोन पाइप लागतात, पाणी आत घ्यायला एक, मैला बाहेर टाकायला एक. भांडं पाणरेषेखाली बसलं आणि पाइपाचा वळसा पाणरेषेच्या वर नेऊन हवेचा व्हॉल्व्ह दिला नाही, तर सायफन लागतो, म्हणजे समुद्राचं पाणी आपोआप आत ओढलं जातं. नांगरावर उभी बोट भांड्यातूनच भरते. शिवाय खारं पाणी नि लघवी मिळून पाइपात चुन्यासारखा थर धरतो. पोर्टेबल, म्हणजे उचलून नेता येणारा संडास घ्या. साधारण १५ लिटर पाण्याची टाकी वर, २० लिटर मैल्याची खाली. केबिनच्या मागे, बर्फाच्या खणापासून लांब ठेवा आणि पट्ट्यांनी आवळा.

खलाशी_११: हिशेब बघा. माणशी रोज दीड लिटर लघवी म्हणजे पाच जणांची दोन दिवसांत १५ लिटर, वर फ्लशचं पाणी. परतायच्या आधीच टाकी भरणार. लघवीला वेगळा झाकणाचा कॅन ठेवा.
उन्हात खालच्या टाकीत वायू साठतो. झाकण बंद ठेवून भांडं नि टाकी यांमधली सरकती झडप आधी जराशीच उघडा, दाब सुटला की बसा. नाहीतर काय उडतं ते सांगायला नको. झडपेच्या रबराला सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीनने रबर फुगतं. भरलेली टाकी २० किलोच्या वर जाते, त्यामुळे भरतीला धक्क्यावर काढा. ओहोटीत ती शिडीने चढवणं म्हणजे शिक्षा.

वेसावकर_डोल: खाडीत ओतली तर? आणि स्वस्तातलं काही?

फायबरवाला: मार्पोलचे (जहाजांमुळे होणाऱ्या समुद्री प्रदूषणाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार) मैल्याचे नियम आंतरराष्ट्रीय फेरीच्या जहाजांना, तेही ४०० टनांपासून किंवा १५ हून जास्त माणसांच्या. तुम्हाला लागू नाहीत. पण त्याच खाडीच्या पाण्याने बोट धुता ना? टाकी घरच्या नाहीतर सार्वजनिक संडासात रिकामी करा, हवेचं बटण दाबून धरून, म्हणजे ढबढब करत पायावर येत नाही. तिथे सेप्टिक टँक असेल तर संडासाच्या टाकीत फॉर्मल्डिहाइडचं औषध घालू नका, सेप्टिक टँकमधले मैला कुजवणारे जिवाणू मरतात.
स्वस्तात म्हणाल तर घट्ट झाकणाची बादली आणि सुतारकामाचा कोरडा भुसा, दर वेळी दोन मुठी. वास येत नाही. मात्र हा भुसा संडासात ओतू नका, पाइप तुंबतो.

खलाशी_११: आणि केबिनच्या दाराशी नळाचा ५ लिटरचा कॅन नि साबण टांगा. त्याच हातांनी मासळी निवडायची असते.