मोटार नसताना, एडिंबरामध्ये राहून, बसने गाठता येतील अशा ग्रामीण पदभ्रमणाच्या वाटा कोणत्या?

पायपीट यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही काही काळापासून एडिंबरामध्ये राहत आहोत. मोटार घेतलेली नाही आणि नजीकच्या काळात घेण्याचा विचारही नाही. शहरालगतच्या पेंटलंड टेकड्या आम्ही बऱ्यापैकी पालथ्या घातल्या आहेत, कारण तिथे शहराच्या बसने सहज जाता येते. परंतु त्यापलीकडचा खरा ग्रामीण स्कॉटलंड अजून पाहायचा राहिला आहे. सप्टेंबरमध्ये माझे आईवडील येणार आहेत. दोघांनीही साठी ओलांडली असली तरी रोज चालण्याची त्यांना सवय आहे. मात्र खडकाला हात लावून चढण्याची हौस त्यांना नाही. सोबत आमचा चौदा वर्षांचा मुलगाही असेल, आणि त्याला अर्थातच नेमकी तीच हौस आहे.

सहल कंपन्यांच्या एका दिवसाच्या फेऱ्या नको आहेत, कारण त्यांत दिवसाचा बहुतेक वेळ खिडकीतून बाहेर बघण्यात जातो आणि चालणे नावापुरतेच होते. सार्वजनिक बसने जाऊन, चार-पाच तास चालून, त्याच दिवशी परत येता येईल अशा वाटा जाणकारांनी सुचवाव्यात. परतीची शेवटची बस चुकली तर काय, ही माझी सर्वांत मोठी धास्ती आहे. शिवाय भाड्यात सवलत कोणाला मिळते, हेही कोणी स्पष्ट केल्यास उपकार होतील.

वाटसरू यांचे उत्तर

आपल्या धास्तीपासूनच सुरुवात करतो, कारण ती एकदा मिटली की वाट निवडणे सोपे होते. मोटारीने जाणाऱ्याला जिथून निघाला तिथेच परत यावे लागते, म्हणून त्याच्या नशिबी बहुधा गोल फेरी असते. बसने जाणारा एका गावात उतरून दुसऱ्या गावातून परतू शकतो. ही सोय नीट वापरावी. सकाळी बसने दूरच्या टोकाला जाऊन उतरावे आणि ज्या गावातून परतीच्या गाड्या जास्त सुटतात त्या गावाकडे चालत यावे, म्हणजे चालण्याचा वेग मंदावला तरी फार तर पुढच्या बसची वाट पाहावी लागते. याउलट, जिथून दुपारनंतर एकच बस सुटते तिथे चालून पोहोचण्याचा बेत आखला, तर दिवसभर नजर डोंगराऐवजी घड्याळावरच राहते.

वेळेच्या अंदाजासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला नियम आजही वापरला जातो. मेट्रिक मापांत सांगायचे तर सपाटीवर ताशी ५ किलोमीटर धरावेत आणि चढाच्या प्रत्येक १०० मीटरमागे १० मिनिटे वाढवावीत. हा हिशेब धडधाकट माणसाचा, न थांबता चालण्याचा आहे. आईवडिलांसोबत त्याच्या दीडपट वेळ धरणे शहाणपणाचे ठरेल.

या हिशेबाने पहिली वाट मी बॉर्डर्स, म्हणजे इंग्लंडच्या सीमेलगतच्या, भागातली सुचवेन. एडिंबराहून गॅलाशील्सला एक्स-९५ क्रमांकाची बस जाते, किंवा २०१५ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या बॉर्डर्स रेल्वेने जाता येते, आणि गॅलाशील्सच्या स्थानकावर दुसरी बस पकडली की मेलरोझ गाठता येते. मेलरोझच्या मागे आइल्डन नावाच्या तीन टेकड्या आहेत. त्यांतली मधली सर्वांत उंच, ४२२ मीटर. रोमन लोकांनी इथल्या आपल्या ठाण्याला त्रिमाँटियम, म्हणजे तीन डोंगरांचे ठिकाण, असे नाव दिले होते, आणि उत्तरेकडच्या टेकडीच्या माथ्यावर त्याहूनही जुन्या वस्तीच्या झोपड्यांचे शेकडो सपाट चौथरे गवताखाली आजही ओळखू येतात. गावातून डिंगलटन रस्त्याने चढताना डावीकडे घरांच्या मधून एक अरुंद बोळ आत जातो. तिथे सेंट कथबर्ट वाट या लांब पल्ल्याच्या पदभ्रमण मार्गाची खूण आहे, पण मान खाली घालून चढणाऱ्याच्या ती नजरेतून सुटते. पुढे लाकडी पायऱ्या, मग कुरणे, आणि मग दोन टेकड्यांमधली खिंड. खिंडीत आईवडिलांना विसावू द्यावे आणि मुलाला शिखरावर पिटाळावे. तिथून सबंध ट्वीड नदीचे खोरे दिसते.

पलीकडे उतरून बाऊडेन आणि न्यूटाउन सेंट बॉझवेल्सवरून, शेवटी नदीकाठाने, सेंट बॉझवेल्सपर्यंत एकूण साधारण १२ किलोमीटर होतात. शिखर धरून चढ सव्वातीनशे मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे नेस्मिथच्या हिशेबाने तीन तास आणि आपल्या हिशेबाने साडेचार. सेंट बॉझवेल्सहून मेलरोझ-गॅलाशील्सकडे बस मिळते. थकवा आला तर न्यूटाउनलाच चालणे संपवता येते, कारण बसचा थांबा तिथेही आहे.

किनारपट्टी यांचे उत्तर

आइल्डनबद्दल दुमत नाही, पण साठीपुढच्या मंडळींसाठी पहिला दिवस एडिंबरासमोर, खाडीपलीकडे असलेल्या फाइफच्या किनाऱ्यावर घालवावा, असे मी आग्रहाने सांगेन. जून २०२४ पासून फाइफमधल्या लेव्हनपर्यंत रेल्वे पुन्हा धावू लागली आहे. लेव्हनहून सेंट अँड्र्यूजकडे किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी बस ईली, सेंट मोनन्स, पिटनवीम, अँस्ट्रुथर आणि क्रेल ही कोळ्यांची जुनी गावे एका माळेत ओवत जाते. फाइफचा किनारामार्ग एकूण १८७ किलोमीटरचा असून त्यातला ईली ते अँस्ट्रुथर हा टप्पा सुमारे १० किलोमीटरचा आहे. दर तासा-दीड तासाच्या चालीवर पुढचे गाव येते आणि प्रत्येक गावात बसचा थांबा आहे. कुणाचा पाय दुखला, पाऊस वाढला, मुलगा कंटाळला, तर पुढच्या गावात बसमध्ये बसावे. हे स्वातंत्र्य डोंगरावर मिळत नाही.

चालण्याची दिशा मात्र ईलीकडून अँस्ट्रुथरकडे ठेवावी. इथला वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून येतो आणि किनारा ईशान्येकडे जातो, त्यामुळे या दिशेने चालताना वारा पाठीवर राहतो. उलट दिशेने तोच वारा पावसासह तोंडावर घेत चालण्यात काहीच मजा नाही. सेंट मोनन्सच्या अलीकडे, अगदी पाण्याला टेकून उभ्या असलेल्या चर्चजवळ, मोठ्या भरतीच्या वेळी लाटा वाटेवर येतात. तिथे आतल्या बाजूने पर्यायी वाट दाखवलेली आहे, तिचा निमूटपणे अवलंब करावा. गावापलीकडे जुनी पवनचक्की दिसते. समुद्राचे पाणी ओढून मीठ पिकवण्यासाठी अठराव्या शतकात ती वापरत असत, आणि मिठागरांच्या खुणाही तिच्या पायथ्याशी दिसतात.

ईलीच्या पश्चिमेला कड्याला साखळ्या ठोकलेली एक वाट आहे. आपल्या चिरंजीवांना ती फार आवडेल. पण ती केवळ ओहोटीतच सुरक्षित असते आणि आजी-आजोबांसाठी नाही. त्या दिवशी तिचा विषयच काढू नये.

पायपीट

दोघांचेही मनापासून आभार. साखळ्यांचा विषय मुलाने हे उत्तर वाचताक्षणीच काढला आहे. मला आणखी एक विचारायचे आहे. वेळापत्रकात काही गाड्यांच्या डोक्यावर बारीक अक्षरांच्या खुणा असतात, त्यांचा अर्थ नेहमी लागत नाही. आणि एखादी रात्र मुक्काम करायची झाली, तर हायलँड्समध्ये, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, बसच्या भरवशावर काही करता येईल का?

डोंगरवेडा यांचे उत्तर

जरूर करता येईल, आणि माझ्या मते करावेच. सखल भागातल्या वाटा सुंदर असल्या तरी तिथल्या ग्लेन्को या दरीचे कडे पाहिल्याशिवाय आईवडिलांना परत पाठवणे हा त्यांच्यावर अन्यायच होईल. ग्लासगोहून फोर्ट विल्यमकडे जाणारी लांब पल्ल्याची सिटीलिंक बस लोमंड सरोवराच्या काठाने, क्रियनलॅरिख आणि टिंड्रमवरून रॅनॉक मूर हे विस्तीर्ण दलदलीचे पठार ओलांडून ग्लेन्कोत उतरते. नुसता तो बसप्रवासही वाया जात नाही.

फोर्ट विल्यमला मुक्काम करून सकाळी ग्लासगोच्या दिशेच्या बसने किंग्जहाउसच्या फाट्यावर उतरावे. तिथून वेस्ट हायलँड वे या १५४ किलोमीटरच्या सुप्रसिद्ध मार्गाचा एक टप्पा डेव्हिल्स स्टेअरकेस नावाच्या चढावरून किनलॉकलेव्हनला जातो. नाव भयंकर असले तरी ती अठराव्या शतकात सैनिकांनी बांधलेल्या लष्करी रस्त्याची नागमोडी वाट आहे. हात टेकावे लागत नाहीत. माथा सुमारे ५५० मीटरवर असून तो या सबंध मार्गाचा सर्वोच्च बिंदू आहे. अंतर १४ किलोमीटर. शेवटचा उतार लांब आणि दगडगोट्यांचा असल्याने गुडघ्यांना काठ्यांचा आधार हवा. किनलॉकलेव्हनहून फोर्ट विल्यमला स्थानिक बस परत आणते. लांब पल्ल्याच्या गाडीचे आरक्षण आधी करावे, आणि फाट्यावर उभे असताना रस्त्याच्या योग्य बाजूला, चालकाला दुरून दिसेल असे उभे राहून स्पष्टपणे हात दाखवावा. ग्रामीण भागात थांब्यावर माणूस दिसला म्हणून बस थांबेलच, असे गृहीत धरू नये.

वाटसरू यांचे उत्तर

डोंगरवेडा यांच्या उत्साहाचा आदर राखून सांगतो की, ग्लेन्को हवामान पाहून ठरवावे, आरक्षण पाहून नव्हे. पर्वतीय हवामानाचा स्वतंत्र अंदाज रोज प्रसिद्ध होतो. त्यात माथ्यावरच्या वाऱ्याचा वेग आणि ढगांची पातळी दिलेली असते. वारा जोराचा असेल तर त्या दिवशी खालच्या पातळीवरची वाट धरावी.

आता वेळापत्रकातल्या खुणांविषयी. त्यांतली सर्वांत फसवी खूण म्हणजे ‘फक्त शाळेच्या दिवशी’ किंवा ‘शाळेच्या सुट्टीतच’ या अर्थाची. ग्रामीण बसची सकाळची आणि दुपारची फेरी पुष्कळदा मुलांना शाळेत नेण्या-आणण्यासाठीच असते, त्यामुळे शाळा बंद असली की ती गाडी नसते. शाळांच्या सुट्ट्या प्रत्येक जिल्ह्याची परिषद स्वतंत्रपणे ठरवते, म्हणून एडिंबराचे सुट्ट्यांचे पत्रक पाहून बॉर्डर्समधल्या गाडीचा अंदाज बांधू नये. ज्या परिषदेच्या हद्दीत बस धावते तिचे पत्रक पाहावे. रविवारी फेऱ्या कमी असतात, काही मार्गांवर नसतातच. म्हणून शनिवार बरा. ट्रॅव्हलाइन स्कॉटलंड या प्रवासमाहितीच्या संकेतस्थळावर सर्व कंपन्यांच्या गाड्या एकत्र दिसतात, तिथे तारीख घालूनच शोधावे. आणि परतीच्या गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून घ्याव्यात, कारण दऱ्याखोऱ्यांत फोनला संपर्क मिळतोच असे नाही. सप्टेंबरअखेर सूर्य सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे घाई नाही. हाच बेत डिसेंबरमध्ये आखला असता, तर पावणेचारच्या सुमारासच सूर्य मावळला असता.

अनुभवी_प्रवासी यांचे उत्तर

सवलतीचा प्रश्न मागे राहिला, म्हणून लिहितो. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या २२ वर्षांखालील सर्वांना ३१ जानेवारी २०२२ पासून बसप्रवास मोफत आहे, परंतु त्यासाठी राष्ट्रीय कार्ड काढावे लागते. चिरंजीवांचे कार्ड नसेल तर आजच अर्ज करावा. साठीनंतरची मोफत सवलतही स्कॉटलंडच्या रहिवाशांपुरतीच आहे. त्यामुळे पाहुणे म्हणून येणाऱ्या आईवडिलांना ती मिळणार नाही, त्यांचे पूर्ण तिकीट धरावे. मुलाचे हे कार्ड बसपुरते आहे. लेव्हन किंवा गॅलाशील्सला रेल्वेने गेलात तर त्याचे तिकीट वेगळे काढावे लागेल.

वाटांविषयी एक गोष्ट कोणी लिहिली नाही. २००३ च्या भूसुधारणा कायद्याने इथे जबाबदारीने वागणाऱ्या प्रत्येकाला बहुतेक सर्व जमिनीवरून चालण्याचा हक्क दिला आहे. म्हणून कुरणाचे फाटक दिसले की आईवडिलांनी ‘खासगी जागा असेल’ म्हणून संकोचू नये. फाटक बंद असेल तर आपल्यामागे बंद करावे, उघडे असेल तर उघडेच ठेवावे. घरांच्या लगतचे अंगण आणि उभे पीक मात्र वगळावे. वासरे असलेल्या गाईंच्या कळपामधून जाऊ नये, थोडा वळसा घ्यावा. सप्टेंबर हा हायलँड्समध्ये हरणांच्या शिकारीचा काळ असतो, तेव्हा वाटेवर तशी सूचना लावलेली असल्यास ती वाचूनच पुढे जावे. डेव्हिल्स स्टेअरकेससारख्या रुळलेल्या वाटेवर सहसा अडचण येत नाही.

उंच गवतातून किंवा नेच्यांमधून चालल्यावर त्याच संध्याकाळी पोटऱ्या आणि गुडघ्यांची मागची बाजू गोचिडांसाठी तपासावी, कारण त्यांच्यापासून लाइम हा आजार होऊ शकतो. आणि चिखलाने माखलेले बूट बसमध्ये चढण्यापूर्वी थांब्यावरच्या गवतात पुसून घ्यावेत, किंवा बदलायचे जोडे पिशवीत ठेवावेत. हा चिखल आपल्याला आइल्डनच्या कुरणांत नक्की भेटेल, फाइफला कदाचित नाही.