दोन डोस झाले, १४ दिवसही झाले. आता आणखी काय दाखवू?

डोंबिवली_स्लो | ९ ऑगस्ट २०२१, सकाळी ७.४०

काल रात्री मुख्यमंत्री टीव्हीवर बोलले. कोरोना लसीचे दोन्ही डोस घेऊन १४ दिवस उलटलेल्यांना १५ ऑगस्टपासून, सामान्यांना बंद असलेल्या मुंबई लोकलचा पास मिळणार. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी खरोखर थाळी वाजवली. मी नाही वाजवली. माझं डोकं फिरलंय.

माझा पहिला डोस ५ एप्रिलचा. दुसरा सहा ते आठ आठवड्यांनी घ्यायचा होता, पण मे महिन्यात अंतर वाढवून ८४ दिवस केलं, म्हणून तो १ जुलैला मिळाला. १५ जुलैला माझे १४ दिवस भरले. मग तिथून पुढचा महिना मी शिळफाट्यावर का काढला? पहाटे साडेपाचला इंदिरा चौकात एसटीची रांग, वरून पाऊस, माझ्या छत्रीचं पाणी पुढच्याच्या पाठीवर. बस मिळाली की माणसाला माणूस चिकटून अडीच तास. लोकलमध्ये कोरोना होतो आणि एसटीत होत नाही, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते एकदा दाखवा.

ऑफिसातल्या दोघांनी अत्यावश्यक सेवेची खोटी ओळखपत्रं करून वर्षभर आरामात लोकलने ये-जा केली. मला ते जमलं नाही, म्हणून मी फाट्यावर.

माझं म्हणणं सरळ आहे. लस घ्या म्हणून सांगितलंत, घेतली. आता प्रवासाला, दुकानाला, हॉटेलला, वेळेला, कशालाच मला अडवू नका. आणि याला 'सवलत' म्हणू नका. माझीच वस्तू मला उशिरा परत देताय.

रात्रपाळी | ९ ऑगस्ट, दुपारी २.१५

दादा, राग समजतो. तरी 'कशालाच अडवू नका' हे मला पटत नाही.

मी नर्स आहे. आमचं लसीकरण सगळ्यांत आधी झालं. माझा दुसरा डोस फेब्रुवारीतच झाला होता. एप्रिलमध्ये ड्यूटीवरून आले ती अंगात कणकण घेऊन. दोन दिवस ताप, वास गेला, घरात एका खोलीत बसून सातव्या दिवशी ठणठणीत. लसीने मला वाचवलं यात शंकाच नाही. पण ताप यायच्या आदल्या रात्री मी सासूबाईंच्या शेजारी बसून भाजी निवडली होती. त्या ६८ वर्षांच्या. मार्चपासून त्यांना लस घेता येत होती, पण 'तिथल्या गर्दीतच लागण व्हायची' म्हणून गेल्या नाहीत. त्या १९ दिवस ॲडमिट होत्या. घरी आल्या, पण अजून जिना चढताना मध्ये थांबतात.

तुमच्या दोन डोसांनी तुम्ही आयसीयूत जायची शक्यता फार कमी. तुमच्या समोरच्या सीटवर बसलेल्याचं काय?

डोंबिवली_स्लो | ९ ऑगस्ट, दुपारी २.४०

ताई, सासूबाईंना लवकर बरं वाटो. मास्कबद्दल माझी तक्रार नाही, मास्क घालीन. पण मास्क वेगळा आणि गाडीतच चढू न देणं वेगळं. तुमच्या उदाहरणातून घरात मास्क लावावा असं निघतं. लोकल बंद ठेवावी असं निघत नाही.

पॉपकॉर्नवाला | ९ ऑगस्ट, दुपारी २.५५

खिडकीजवळची सीट धरून ठेवतोय. चालू द्या.

शाहूपुरी_शटर | ९ ऑगस्ट, सायंकाळी ५.१०

तुमची लोकल तरी सुरू होणार, आमचं काय? कोल्हापूर अजून निर्बंधांच्या तिसऱ्या स्तरात. दुपारी चारला शटर खाली. बाकी बहुतेक जिल्ह्यांत रात्री आठपर्यंत दुकानं चालू, आणि आम्ही चारला कुलूप लावून घरात.

जुलैत पुराचं पाणी दुकानात आलं. आठ दिवस चिखल उपसला, भिजलेला माल रस्त्यावर वाळत घातला. आता कुठं मांडामांड झाली, तर विकायला दिवस अर्धाच. मी, माझा भाऊ आणि दोन्ही पोरं, चौघांचे दोन-दोन डोस झालेत. सर्टिफिकेट गल्ल्यामागं फ्रेम करून लावलंय, गणपतीच्या शेजारी. त्याचा उपयोग काय? गिऱ्हाईक सगळं दोन ते चारच्या मध्येच येतंय. आठपर्यंत उघडं ठेवलं असतं तर हीच माणसं दिवसभरात विखरून आली असती. गर्दी टाळायचा नियम गर्दी करून देतोय, एवढं साधं कुणाला दिसंना झालंय.

आकडेमोड | ९ ऑगस्ट, रात्री ९.३०

रात्रपाळीताईंचा मुद्दा आकड्यांत बघू.

अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, १३ मे रोजी सांगितलं होतं की दोन्ही डोस झालेल्यांनी घरात-दुकानात मास्क काढला तरी चालेल. २७ जुलैला तेच लोक मागे फिरले: जिथे संसर्ग जास्त आहे तिथे लसवाल्यांनीही बंदिस्त जागेत मास्क लावा. कारण मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउन या पर्यटनाच्या गावात जुलैत मोठा उद्रेक झाला. ४६९ बाधितांपैकी ३४६ जणांचे, म्हणजे ७४ टक्क्यांचे, डोस पूर्ण होते. आणि विषाणू डेल्टा, आपल्याकडे दुसऱ्या लाटेत धुमाकूळ घातला तोच.

हे वाचून 'बघा, लस बिनकामाची' असं म्हणणारे व्हॉट्सॲपवर येतीलच. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. जिथे बहुतेकांनी लस घेतली आहे तिथे बाधितांतही लसवालेच जास्त दिसणार. शंभरातल्या शंभरांनी घेतली तर बाधितही शंभर टक्के लसवालेच असतील. दुसरं, त्या ४६९ मधून रुग्णालयात गेले पाच. मृत्यू शून्य.

माझ्या मते यातून मास्क राहावा हे निघतं, दुकान चारला बंद करावं हे निघत नाही. ताईही बरोबर आणि शटरवालेही बरोबर. डोंबिवलीकर निम्मे बरोबर.

मर्जी_माझी | १० ऑगस्ट, सकाळी ८.०५

लस ऐच्छिक आहे असं केंद्र सरकारच सांगतं. मग पासासाठी ती सक्तीची कशी? उद्या रेशनला मागाल.

आकडेमोड | १० ऑगस्ट, सकाळी ८.२०

प्रश्न रास्त आहे. पण ज्याला घ्यायची नाही त्याच्यापेक्षा ज्याला मिळालीच नाही त्याची काळजी मला जास्त आहे.

मुलुंड_पूर्व | १० ऑगस्ट, सकाळी ११.००

आकडेमोड यांनी शेवटी जाता जाता म्हटलं, मला त्यावरच बोलायचंय.

आमच्याकडे काम करणाऱ्या बाई आसनगावहून येतात. वय ३८. त्यांच्या वयाला लस १ मेपासून खुली झाली, पण साठा नाही म्हणून राज्याने मे महिन्यातच १८ ते ४४ चं लसीकरण थांबवलं. त्यांच्या फोनवर ॲप नाही, ओटीपी मुलाच्या फोनवर येतो आणि मुलगा दिवसा कामावर. शेवटी २ जुलैला पहिला डोस मिळाला, कोविशील्ड. ८४ दिवस मोजा: २४ सप्टेंबर. त्यात १४ दिवस घाला: ८ ऑक्टोबर. तोवर त्या सहाआसनी, मग बस, मग रिक्षा करत येणार. पगारातला किती पैसा रस्त्यावर जातो ते मी त्यांच्यासमोर बसून एका महिन्याचं लिहून काढलं, आणि मग त्यांना काही बोलवेना, मलाही.

माझ्या भाच्याचं ऐका. वय २६. खाजगी रुग्णालयात १,४१० रुपये मोजून कोव्हॅक्सिन घेतलं, २८ दिवसांनी पुन्हा १,४१०. त्याचा पास १५ तारखेला तयार. तो घरून काम करतो!

म्हणून डोंबिवलीकर, 'मी लस घेतली, मला सोडा' हे म्हणायला सोपं आहे. आपण पंचेचाळिशीच्या पुढचे, स्मार्टफोनवाले, रांगेत आधी उभे राहिलो. ज्यांना घरून काम करताच येत नाही, त्यांच्यासाठी गाडी सगळ्यांत शेवटी उघडतेय. बंधनं उठवायची तर सगळ्यांसाठी उठवा, नाहीतर आधी डोस द्या.

डोंबिवली_स्लो | १० ऑगस्ट, दुपारी १.३०

म्हणजे बाईंना चढता येत नाही म्हणून मीही चढायचं नाही? मी घरी बसल्याने त्यांची रिक्षा वाचते का? एका फाटकातून निम्मी माणसं आत गेली तर बाहेरची रांगही निम्मी होते, इतकं साधं गणित आहे. मी एसटीतून उतरलो की तिथे एक जागा रिकामी होईल, ती कुणाला तरी मिळेल.

बाकी तुमचं म्हणणं लागलं. अंतर ८४ दिवसांचं ठेवणार असाल तर एक डोस घेतलेल्यांनाही काहीतरी सोय द्यायला हवी होती, हे मान्य.

रात्रपाळी | १० ऑगस्ट, दुपारी ४.००

एका डोसवर डेल्टाला नीट अडवता येत नाही हो, ती सोय मागू नका. मुलुंडताईंचं 'आधी डोस द्या' तेवढं धरा.

रेडिंगकर | १० ऑगस्ट, रात्री ११.४५

इंग्लंडमधून लिहितेय. इथे १९ जुलैला जवळजवळ सगळी बंधनं गेली, लसवाल्यांचीही आणि बिनलसवाल्यांचीही. सुपरमार्केटमध्ये निम्म्या लोकांच्या तोंडावर काही नसतं. १६ ऑगस्टपासून तर दोन डोस झालेल्यांना बाधिताच्या संपर्कात आलं तरी घरात कोंडून घ्यावं लागणार नाही. पण इथे प्रौढांपैकी जवळपास तीन चतुर्थांशांचे दोन्ही डोस झाले आहेत, हे विसरून तुलना करू नका.

आता गंमत ऐका. परवा भारत इथल्या प्रवासबंधनांच्या कडक 'रेड लिस्ट'मधून त्यापेक्षा सौम्य 'अँबर'मध्ये आला. आईबाबांना आणायचं ठरवलं. दोघांचे दोन्ही डोस कोविशील्डचे. ती लस बनते आमच्या हडपसरच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, आणि सूत्र ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेकाचंच, जे माझ्या दंडात गेलंय. तरी इथल्या नियमात भारतात घेतलेली लस धरतच नाहीत. त्यांनी दहा दिवस घरात बसायचं, दोन चाचण्या पैसे भरून करायच्या. मी मात्र अँबर देशातून आले तर थेट ऑफिसला. बाबा म्हणतात, 'कुपी तीच, पण लेबल इंग्लंडचं पाहिजे.'

तेव्हा लसवाल्यांना मोकळीक द्या म्हणताना 'लसवाला' कोण हे ठरवणाऱ्याच्या हातात किती ताकद जाते, ते बघा.

शाहूपुरी_शटर | ११ ऑगस्ट, दुपारी ४.०५

शटर टाकलं. आत्ता वाचतोय. बाबांना नमस्कार सांगा.

आकडेमोड | १७ ऑगस्ट, रात्री ८.५०

धागा वर काढतोय, कारण मुलुंडताईंचं म्हणणं दुसऱ्याच दारातून खरं झालं. मॉल १५ तारखेपासून रात्री दहापर्यंत उघडले, अट एकच: आत येणाऱ्या सगळ्यांचे दोन डोस आणि १४ दिवस. ती कर्मचाऱ्यांनाही लागू. काउंटरवरची पोरं-पोरी विशी-पंचविशीतली, त्यांचा दुसरा डोस झालेलाच नाही. त्यामुळे बरेच मॉल पुन्हा बंद. गिऱ्हाईक दोन डोसवालं, विकणारा एका डोसचा. मी इतके दिवस हा नियम वैद्यकीय चष्म्यातून बघत होतो. तो वयाचा आणि पगाराचाही आहे, हे मान्य करतो.

डोंबिवली_स्लो | १७ ऑगस्ट, रात्री १०.१०

आज गेलो. गेल्या आठवड्यात स्टेशनवरच्या खिडकीत सर्टिफिकेट आणि आधार दाखवला, पालिकेच्या माणसाने झेरॉक्सवर शिक्का मारला, पलीकडच्या खिडकीत महिन्याचा पास. मला आठवड्यातून तीनच दिवस जायचंय, पण रोजचं तिकीट आम्हाला नाही. असो.

आमच्या ग्रुपचे सात जण होते. आज चार. एक गावाला गेला तो तिकडेच राहिला, एकाचा दुसरा डोस बाकी आहे, आणि एक एप्रिलमध्ये गेला. त्याची खिडकीजवळची जागा आमच्यापैकी कुणी घेतली नाही, मुंब्र्याला एका अनोळखी माणसाने घेतली, त्याला काय माहीत.

फोर्टला ऑफिसात पावणेनऊला पोहोचलो. कुणीच आलं नव्हतं.

मुलुंड_पूर्व | १७ ऑगस्ट, रात्री १०.३०

वाईट वाटलं वाचून. आमच्या बाई आज साडेदहाला आल्या, फाट्यावर ट्रॅफिक होता.

रात्रपाळी | १७ ऑगस्ट, रात्री १०.४५

दादा, एकच विचारते. डब्यात मास्क किती जणांचा नाकावर होता?

डोंबिवली_स्लो | १७ ऑगस्ट, रात्री १०.५२

मोजले नाहीत. माझा ठाण्यापर्यंत होता.