रोव्हर आला म्हणून धुऱ्याचं (बांधाचं) भांडण मिटतं का?

गेवराईकर: परवा इथं एकानं लिहिलं, "रोव्हर आलाय, मोबाईलवर गटाचा नकाशा उघडा, खुणा ठोका, मोजणीदाराच्या मागं फिरायचं कामच नाही." वाचून डोकं फिरलं म्हणून लिहायलोय. रोव्हर म्हणजे उपग्रहावरनं जागा दाखवणारं मोजणीचं यंत्र; ते तू कुठं उभा आहेस ते सांगतं, हद्द कुठं होती ते नाही सांगत. ती टिपणात, म्हणजे जुन्या मोजणीच्या नोंदीत असती. मोजणीदार आधी न हललेल्या खुणा हुडकतो, जुना दगड, विहीर, शेजारच्या गटांचे धुरे, मग आजची वहिवाट मोजतो, त्यावर जुना नकाशा बसवून बघतो, अन् चहूबाजूंनी मेळ लागला की मग खुणा देतो. मोबाईल चार-पाच मीटर इकडंतिकडं दाखवतो. चारशे मीटरच्या धुऱ्यावर एक मीटर सरकलं तरी चार गुंठे गेले की राव!

जालन्याचा बागायतदार: कशाचा मेळ? आमच्याकडं दगडच शिल्लक नाही. शेजाऱ्यानं लिंबाचं झाड दाखवलं, मोजणीदारानं तीच खूण धरली. निमताना (वरच्या अधिकाऱ्याकडनं फेरमोजणी) लावला तर रेघ भलतीकडंच. कोणती खरी मानायची? यंत्र निदान माणूस बघून रेघ बदलत नाही.

गेवराईकर: एका झाडावर मोजणी धरली हे चुकलंच त्याचं, मान्य. पण तेच झाड धरून रोव्हर लावला असता तर तीच चूक सेंटीमीटरपर्यंत नेमकी आली असती!

उदगीरची लेक: दगड गेले कुठं ते बोला आधी. ट्रॅक्टरवाले दरसाल नांगराचं एकेक तास आत घ्यायलेत. आमचा शिवरस्ता (गावाच्या शिवेवरचा रस्ता) बैलगाडीचा होता, आता सायकल जात नाही, आईनं सोयाबीन डोक्यावर वाहून काढलं. जमीन महसूल कायद्याच्या कलम १४३ चा अर्ज तहसीलला पडून आहे.

पाथरीकर: ताई, १४३ बांधावरून नवी वाट मागायला. चालू रस्ता अडवला तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६, कलम ५, तेबी सहा महिन्यांच्या आत.

उदगीरची लेक: सहा महिने भावकीच्या "बघू, बसू"मधेच गेले. कलम सांगणारे ढीगभर आहेत, रस्ता उघडून देणारा एक दाखवा.

जालन्याचा बागायतदार: अहो विषय मोजणीचा चाललाय, रस्त्याचा नाही.

उदगीरची लेक: शेतातच जाता येईना तर तुमची रेघ घेऊन काय करू? रस्ता मोजायला कुणी येतंय का?

गेवराईकर: येतात. शिवरस्ता नकाशात असला तर त्याची हद्दपण मोजून मिळती. अन् बागायतदार, पुढच्या मोजणीला स्वतः उभं राहा, खुणा दिल्या की त्याच दिवशी सिमेंटचे खांब पुरा.

जालन्याचा बागायतदार: पुरतो. पण टिपणाची नक्कल आधी माझ्या हातात पाहिजे, त्याशिवाय एका खुणेवर सही करणार नाही.