मदत हवी आहे: सत्तरच्या दशकातलं नागपूर विद्यापीठ

नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी बाबांची पंचाहत्तरी आहे. त्यांच्या कॉलेजच्या दिवसांची छोटी पुस्तिका करून राहिलो. ते एलआयटीचे, म्हणजे नागपूर विद्यापीठाच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे. माझ्याकडे एकच फोटो आहे: बेलबॉटम, हातात सायकल, मागे शाईने ‘१९७४, गॅदरिंग’. कोपरा वाळवीने खाल्लाय, नेमका तिथेच कोणीतरी उभा होता.

विद्यापीठाचा कागदोपत्री इतिहास सापडला. १९२३ ची स्थापना, पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस, २००५ मध्ये तुकडोजी महाराजांचं नाव. बाबांच्या वेळी अमरावतीचं वेगळं विद्यापीठ नव्हतं, ते १९८३ चं. त्यामुळे अकोला-यवतमाळची पोरंही याच विद्यापीठाची पदवी घ्यायची. पण रोजचं जगणं यात कुठे येते?

तेव्हा होस्टेलमध्ये राहिलेलं कोणी आहे का इथे? मेसचा महिना किती पडायचा, परीक्षेच्या रात्री चहाला कुठे जायचे? बाबांना विचारलं तर ‘आता काय आठवते बापा’ म्हणतात, आणि मग तासभर फक्त भाजीतल्या पाण्याबद्दल बोलतात.

जुनी वार्षिकं किंवा गॅदरिंगचे फोटो असतील तर स्कॅन करून लगेच परत देईन. अंबाझरी, धरमपेठ, कुठेही येतो घ्यायला.