‘जबाबदार एआय’ : कोण जबाबदार, कुणाला आणि कशाला?

तर्जुमा
चाकणच्या एका कारखान्यासाठी एआय वापरण्याचं धोरण मराठीत करून देते आहे. मूळ कंपनी युरोपातली, त्यामुळे तिकडच्या कायद्याचा वास प्रत्येक कलमाला आहे. वाचणार मात्र पाळीवरचे सुपरवायझर, स्टोअरवाले आणि एचआरमधली मंडळी. इंग्रजीत रिस्पॉन्सिबल, अकाउंटेबल आणि लायेबल असे तीन शब्द शेजारीशेजारी आलेत आणि माझ्या हाताला तिन्ही वेळा ‘जबाबदार’च लागतो. ‘उत्तरदायी’ लिहिलं तर सुपरवायझर पुढचं वाचणार नाही. शिवाय शीर्षकातलं ‘जबाबदार एआय’ कानाला खटकतंय, पण का ते सांगता येत नाही. सुचवा.

षष्ठीतत्पुरुष
खटकतंय ते न लिहिलेल्या ‘ला’मुळे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ‘मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असते’. वर्तमानपत्रात ‘अपघाताला चालक जबाबदार’. प्रत्यय तोच, पण पहिल्या वाक्यात उत्तर कुणापुढे द्यायचं ते कळतं आणि दुसऱ्यात खापर कशाचं ते. रोजच्या बोलण्यात दुसरा अर्थ इतका रुळलाय की ‘जबाबदार एआय’ वाचल्यावर आधी मनात येतं, आता काय केलं त्याने?

‘एआयचा जबाबदार वापर’ लिहा. विशेषण यंत्रावरून उठून वापरावर बसतं. हे निव्वळ व्याकरण नाही. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने २०१९ साली एआयची तत्त्वं मांडली, त्यांतही अकाउंटेबल धरलंय ते एआय बनवणाऱ्या, बसवणाऱ्या आणि चालवणाऱ्या माणसांना नि संस्थांना.

‘उत्तरदायित्व’बद्दल तुमच्याशी सहमत. ‘सामाजिक उत्तरदायित्व निधी’ने त्या शब्दाची पार वृक्षारोपणाची पाटी करून टाकली आहे.

कज्जेदलाल
अकाउंटेबलसाठी मराठीत आडदांड शब्द पडून आहे आणि तुम्ही संस्कृतकडे कशाला बघताय? जाब! ‘जबाब’चंच आटलेलं रूप. जबाब पोलीस नोंदवतात, जाब मात्र कुणीही विचारू शकतो, आणि तो विचारणाऱ्याला तसा हक्क आहे हे त्या शब्दातच धरलेलं असतं. ग्राहक मंचांचे मराठी निकाल वाचा. तक्रारदाराच्या समोरच्या पक्षाला कुठे ‘जाबदेणार’ म्हणतात, कुठे ‘जाबदार’.

याच मुद्द्यावर कॅनडात निकाल झालाय. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितलं की घरातल्या मृत्यूमुळे प्रवास करावा लागला तर आधी तिकीट काढा, सवलत ९० दिवसांत नंतर मागा. प्रत्यक्षात कंपनीचा नियम उलटा, प्रवास झाल्यावर सवलत नाही. प्रवासी ब्रिटिश कोलंबियाच्या दिवाणी न्यायाधिकरणात गेला. तिथे कंपनीचं म्हणणं काय, तर चॅटबॉट ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे, आपल्या कृत्याला ती स्वतः जबाबदार! (आला का तुमचा ‘ला’, षष्ठीबुवा?) फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने ते उडवून लावलं. संकेतस्थळावरची माहिती साध्या पानावर असो की चॅटबॉटच्या तोंडी, ती कंपनीचीच. भरपाई, व्याज आणि शुल्क मिळून सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. रक्कम किरकोळ, पण जाबदेणार कोण हे ठरलं.

तेव्हा माझी वाटणी अशी. रिस्पॉन्सिबलला ‘जबाबदार’. अकाउंटेबलला ‘जाब देण्यास बांधील’. लायेबलला सरळ ‘भरपाई देण्यास बांधील’. ‘दायित्व’ नको, ते हिशेबनीसांना राहू द्या.

तर्जुमा
‘जाब देण्यास बांधील’ उचलला. आता पुढची अडचण. ह्यूमन ओव्हरसाइटला ‘मानवी देखरेख’ केलंय. चालेल?

दुसरी_पाळी
मी कारखान्यातलाच, तुमच्या नाही, दुसऱ्या. व्याकरणातलं कळत नाही, पण ‘देखरेख’ नको म्हणेन. देखरेख वॉचमनही करतो.

आमच्या लाइनवर कॅमेरा पार्ट तपासतो, चांगला की रिजेक्ट ते स्क्रीनवर येतं. शेजारी माणूस बसवलाय, कागदोपत्री त्याला देखरेख म्हणतात. कॅमेऱ्याचं मान्य केलं तर एक बटण. अमान्य केलं तर कारण लिहा, फोटो जोडा, शिफ्ट इनचार्जची सही घ्या. पाळी संपत आली की माणूस काय करणार? मान्य, मान्य, मान्य. आणि उद्या खराब पार्ट ग्राहकाकडे गेला तर जाब त्यालाच. मशीन बरोबर होतं तेव्हा त्याला कुणी विचारलं नाही, चुकलं की मात्र तो ‘मानवी’.

षष्ठीतत्पुरुष
साहेब, युरोपीय संघाच्या एआय कायद्याला नेमकी हीच धास्ती आहे. तो १ ऑगस्ट २०२४ ला अमलात आला, त्यातली कलमं टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. त्याचं १४ वं कलम जास्त जोखमीच्या प्रणालींसाठी म्हणतं की नेमलेल्या माणसाला यंत्राच्या मर्यादा समजल्या पाहिजेत, यंत्रावर आपोआप विसंबण्याच्या सवयीचं भान पाहिजे, निकाल बाजूला ठेवता आला पाहिजे आणि गरज पडली तर यंत्र थांबवताही आलं पाहिजे. तुमचा कॅमेरा त्या वर्गात बसेलच असं नाही. नोकरभरतीची चाळणी मात्र त्या वर्गात आहे. म्हणजे तर्जुमाताई, ‘देखरेख’ एकटी पुरत नाही. ‘देखरेख आणि हस्तक्षेपाचा अधिकार’ लिहा. लांब झालं तरी चालेल.

तर्जुमा
भरतीचं निघालंच आहे तर, बायसला ‘पूर्वग्रह’ ठेवू की ‘पक्षपात’?

षष्ठीतत्पुरुष
पक्षपात. पूर्वग्रहाला मन लागतं. अ‍ॅमेझॉनने भरतीसाठी एक प्रणाली करून पाहिली होती, २०१८ मध्ये रॉयटर्सने ती बातमी दिली. दहा वर्षांत आलेले अर्ज शिकवले, ते बहुतेक पुरुषांचे. मग अर्जात ‘महिलांचा’ अमुक क्लब असं दिसलं की ती गुण कापायची. प्रणालीच्या मनात बायकांविषयी काही नव्हतं, तिला मनच नाही. पण झालं ते पक्षपातच होतं. ‘पूर्वग्रह’ म्हटलं की हेतू शोधत बसतात, आणि हेतू सापडला नाही की फाइल बंद.

कज्जेदलाल
आणखी एक, न विचारता. मसुद्यात ‘निर्णय घेण्यात येईल’, ‘तपासणी करण्यात येईल’ अशी वाक्यं किती आहेत ते मोजा. सरकारी मराठीची ही जुनी खोड, कर्ता गायब. ‘संबंधित अधिकारी’ही तसलाच. प्रत्येक ठिकाणी पदनाम घाला. ‘एआयने नाकारलेल्या अर्जाची फेरतपासणी अमुक व्यवस्थापक सात दिवसांत करतील आणि अर्जदाराला कारण लेखी कळवतील’, असं. नाहीतर जाब विचारायचा कुणाला?

तर्जुमा
मोजली, एकोणीस. कर्मणी वाक्यं फिरवली. पण पदनामं मूळ इंग्रजीतही नाहीत, तिथेही ‘योग्य व्यक्ती’च आहे. एचआरला विचारलं तर म्हणाले, ते अजून ठरायचंय, तुम्ही तेवढं मराठी करून द्या. त्या एकोणीस जागी ‘पदनाम भरा’ असं लाल अक्षरात घालून मसुदा परत पाठवते आहे.