घरी बाळंत होणाऱ्या बाईच्या हाती मिसोच्या (मिसोप्रोस्टॉल, बाळंतपणानंतरचा जादा रक्तस्राव रोखणाऱ्या) गोळ्या आधीच द्याव्यात का?

पर्लकोटेपल्याड: पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर चढला की गडचिरोलीतल्या भामरागडपलीकडच्या टोल्यांवर १०८ रुग्णवाहिका पोचत नाही. तिथं आठव्या महिन्यातच आशाताईनं मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या ३ गोळ्या देऊन ठेवाव्यात. बाळ बाहेर आलं की तिन्ही एकदम पाण्यासोबत गिळायच्या. त्याच कामाचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन सरसच, पण त्याला २ ते ८ अंशांचा गारवा लागतो आणि टोचायला शिकलेला हात लागतो. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असलेल्या बाईला अर्धा लिटर रक्त जाणंही झेपत नाही. तिला गोळीविना ठेवणं मला अन्याय वाटतो.

उपकेंद्रातली सिस्टर: माझा विरोध आहे. घरात गोळी असली आणि कळा रेंगाळल्या की कोणीतरी ती बाळ व्हायच्या आधीच देतं. मग दोन कळांमधली उसंत जाते, वारेतून बाळाला रक्त कमी पडतं, ठोके उतरतात. आधीचं सिझर असेल तर जुन्या व्रणावर गर्भाशय फाटतं. आणि जुळं असेल तर? पहिलं झालं म्हणून गोळ्या दिल्या, दुसरं आतच! शिवाय घरचे म्हणणार, घरीच करा असं सिस्टरनंच सांगितलं. तारखेआधी माहेरघरात (दवाखान्याजवळच्या गरोदर बायांच्या मुक्कामाच्या सोयीत) या, हाच निरोप ठाम जायला हवा.

दाईंची प्रशिक्षक: ऐन रोवणीत, घरी दोन लेकरं टाकून, बाई माहेरघरात राहायला कशी येईल? जुळ्याचा धोका खरा आहे, म्हणून तर बाळ झाल्यावर दाईनं आधी पोट चाचपायचं. गर्भाशय बेंबीच्या बरंच वर असेल, हाताला डोकं किंवा पाय लागत असतील, तर गोळी नाही. गोळीनंतर थंडी वाजते, ताप येतो. काही तासांत उतरतो, हे आधीच सांगून ठेवावं. कपडे रक्तानं भिजतच राहिले तर मात्र वाट न पाहता बाईला हलवायचं. गोळ्या पाकिटातून काढून पुडीत बांधल्या तर दमटपणानं निकामी होतात, हेही पुष्कळ जणी विसरतात.

धारणीचा एमओ (मेळघाटातला वैद्यकीय अधिकारी): सगळे गोळीवर बोलताहेत, बाईवर कोणीच नाही. गोळ्या सासूच्या हाती, समजावणं नवऱ्याला, ही संमती नव्हे. कोरकू बाईला कोरकूत, माडिया बाईला माडियात, फायदा आणि धोका दोन्ही तिलाच सांगा. तिनं उलट सांगून दाखवलं, तरच गोळ्या द्या.

उपकेंद्रातली सिस्टर: हे पटलं. तरी सिझर झालेली आणि जुळंवाली यांना गोळ्या नकोतच, त्यांना पुराआधीच हलवा. बाकीच्यांना नवव्या महिन्यात, नोंद करून, आणि न वापरलेल्या गोळ्या मोजून परत घेऊन.

पर्लकोटेपल्याड: परत घेणं मान्य, नववा महिना अमान्य. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या आणि रक्त कमी असलेल्या बायांनाच दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका जास्त. नवव्याची वाट पाहिली तर नेमक्या त्याच सुटतात.