जुना लेथ घरी बसवला, पण सळीचे मोकळे टोक जाड निघते

प्रश्नकर्ता, दांडिया बाजार, बडोदे:
सप्रेम नमस्कार. निवृत्तीनंतर घरामागच्या खोलीत छोटी कार्यशाळा उभारावी म्हणून मे महिन्यात मकरपुऱ्यातून साडेचार फुटी बेडचा (ज्यावर इतर भाग सरकतात तो लांब पाया) एक जुना लेथ (धातूची सळी फिरवून छिलणारे यंत्र) विकत घेतला. विकणाऱ्याने 'काही दोष निघाला तर पैसे परत' असे सांगितले होते. आता ते फोन उचलत नाहीत, पण तो विषय सोडून देतो. लेथ फरशीवर रबरी पॅडवर ठेवला आहे. २५ मिमी व्यासाची सळी चकमध्ये (सळी पकडून फिरवणाऱ्या जबड्यात) धरून, टेलस्टॉकचा (दुसऱ्या टोकाकडच्या भागाचा) आधार न देता १५० मिमी लांबीपर्यंत टर्न केली, म्हणजे फिरवून छिलली, तर चकजवळच्या भागापेक्षा मोकळे टोक ०.०६ मिमी जाड भरते. बेड झिजला असावा, तो ग्राइंड करून घ्या, असे एका कारागिराचे मत पडले. परंतु तो खर्च यंत्राच्या किमतीच्या जवळपास जातो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना टर्नर, मकरपुरा:
बेडला इतक्यात हात लावू नका. लेथचा बेड सर्वाधिक झिजतो तो चकजवळ, कारण बहुतेक काम तिथेच होते. तिथे सॅडल (कापणारे टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) खाली बसते आणि सहसा काम करणाऱ्याकडे कलते, त्यामुळे टूल सळीपासून मागे सरकून चकजवळचा भाग जाड निघतो. आपली तक्रार नेमकी उलट आहे.

आपली चाचणीच मला पटत नाही. २५ मिमीची सळी १५० मिमी बाहेर काढली की टूलच्या दाबाने ती मोकळ्या टोकाला वाकते आणि तिथे कट कमी लागतो. व्यास दुप्पट केला की सळीचा ताठपणा सोळापट होतो, म्हणून ५० मिमीची सळी घ्या. तिच्या दोन टोकांना एकेक रुंद कॉलर (जाड पट्टा) ठेवून मधला भाग थोडा बारीक करा आणि धारदार टूलने, दोन्ही कॉलरवर एकाच सेटिंगला, अगदी हलका कट घ्या. मग मायक्रोमीटरने जो फरक दिसेल, तो यंत्राचा.

त्यानंतर एका मीटर लांबीत ०.०२ मिमीचा उतारही दाखवणारी स्पिरिट लेव्हल कोणाकडून तरी मागून आणा आणि ती क्रॉस स्लाइडवर (सॅडलवरच्या आडव्या सरकत्या भागावर) आडवी ठेवून सॅडल हेडस्टॉककडून (चकच्या बाजूकडून) टेलस्टॉककडे न्या. यंत्र जमिनीशी समतल आहे की नाही, हा येथे मुख्य मुद्दा नाही. आमच्या शॉपमध्येही कित्येकांचा यात गोंधळ व्हायचा. फुगा दोन्हीकडे एकाच जागी राहिला पाहिजे. तो सरकत असेल तर बेडला पीळ पडला आहे. मोकळे टोक जाड असेल तर टेलस्टॉककडच्या पुढच्या (काम करणाऱ्याच्या बाजूच्या) पायाखाली पातळ शिम (पत्र्याची पट्टी) घाला, म्हणजे त्या बाजूने टूल सळीच्या जवळ येईल. रबरी पॅड मात्र आधी काढा. त्यांवर शिमचा परिणाम टिकणार नाही.

स्थापत्य अभियंता, अलकापुरी:
टर्नर काकांच्या म्हणण्यात एकच भर घालतो. बडोद्याच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. आपण लेथ मे महिन्यात बसवला आणि आता पावसाळा सरत आला आहे, तेव्हा फरशीचा एक कोपरा उचलला गेला असण्याची दाट शक्यता आहे. शक्य असेल तर जुनी फरशी काढून, सळई घातलेल्या एकसंध काँक्रीटच्या ओट्यावर यंत्र बोल्टने बसवावे. त्यानंतरही वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पीळ तपासावा. ओटा उंच ठेवल्यास विश्वामित्री नदीच्या पुराचे पाणी आलेच तर मोटर तरी वाचेल.

प्रश्नकर्ता:
उभयतांचे आभार. ५० मिमीच्या सळीवर फरक ०.०२ मिमीच निघाला, म्हणजे दोन तृतीयांश दोष माझ्या बारीक सळीचा होता! पॅड काढल्यावर लेव्हल लावली, तर टेलस्टॉककडे फुगा पार टोकाला गेला. पुढच्या पायाखाली एकूण ०.२ मिमीच्या शिम घातल्या. आता फरक ०.००८ मिमी आहे आणि माझ्या कामाला तो पुरेसा आहे. ओटा दिवाळीनंतर करीन. घरी सिंगल फेज आहे. लेथच्या दोन अश्वशक्तीच्या थ्री फेज मोटरसाठी काय करावे, एवढेच विचारायचे राहिले.

जुना टर्नर, मकरपुरा:
मोटरच्या पट्टीवर २३०/४१५ व्होल्ट लिहिलेले असेल आणि आत सहा टोके असतील, तर ती डेल्टात (त्रिकोणी जोडणीत) जोडून सिंगल फेजवर चालणारी व्हीएफडी (मोटरला थ्री फेज वीज देणारे व वेग बदलणारे उपकरण) लावा. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये जुना स्विच ठेवू नका आणि अर्थिंग नीट करून घ्या. आपला चक आट्यांवर बसणारा असेल तर झटकन थांबवण्याची किंवा उलट फिरवण्याची सोय बंदच ठेवा, कारण तो सैल होऊन हातावर येऊ शकतो. बेडवर ग्रीस नको, त्यात धातूचा कीस चिकटून बेड घासला जातो. ६८ क्रमांकाचे स्लाइडवे ऑइल रोज लावा.